अदलाबदल

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने घराच्या गॅरेजात दोन आसनांचे विमान बांधायला घेतले, तेव्हापासून वहिनींचे अर्धे लक्ष देवाकडे आणि अर्धे फोनकडे असते. त्याचे शिक्षण येथल्याच कलाभवनात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेली ही संस्था आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. दादासाहेब फाळके तेथेच शिकले.

विमानाला त्याने माझदा मोटारीचे वांकेल इंजिन बसविले. यात दट्ट्या नाही, झडपा नाहीत. तिकोनी रोटर कोशात गरगरतो. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतले पहिले इंजिन १९५७ साली जर्मनीत चालले. पुतण्याच्या इंजिनात असे दोन रोटर. आणि एकाचा धूर दुसऱ्याहून साठ अंशांनी अधिक तप्त!

"त्या बाजूला इंधन कमी घाल म्हणावे," वहिनी म्हणाल्या. मलाही तेच पटले.

"काका, चुलीचा न्याय इथे उलटा आहे," तो हसला. विमान चढताना इंजिनाला हवेच्या मानाने इंधन जास्तच देतात. त्या जादा इंधनाने आच आवरली जाते. ते ज्या रोटरला कमी पडेल, त्याचाच धूर तापतो.

तरी त्याने आधी इंधनाला हात लावला नाही. दोन्ही तापमापक एकमेकांच्या जागी बसविले. फरक मापकाबरोबर सरकता, तर दोष मापकाचा ठरता. तो सरकला नाही. मग इंधन फवारणारे इंजेक्टर बदलले, आणि उष्णता दुसऱ्या रोटरकडे गेली. एका इंजेक्टरचे तोंड अर्धवट बुजले होते. ठिणगी उशिरा पडली किंवा भलतीकडून हवा शिरली तरी असेच होते म्हणे. पण तिथवर जाण्याची पाळी आली नाही.

हे ऐकताना मला मात्र घाम फुटला. मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी नववी 'ब'चे मराठीचे गुण 'अ'पेक्षा फार उतरले होते, आणि 'ब'च्या बाईंना मी सर्वांदेखत बोललो होतो. दोन तुकड्यांचे परीक्षक निराळे होते. गठ्ठे बदलून पाहावेत, हे एम. ए. झालेल्या मला सुचले नाही. 'ब'चा गठ्ठा तपासणारा मीच होतो.

बाई आता निवृत्त आहेत. दांडिया बाजारात राहतात. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. बराच वेळ बोलणे विमानावरच रेंगाळले. चहा गार झाल्यावर कुठे मी विषय काढला.

"तुमचा हात पहिल्यापासूनच आखडता, सर," एवढेच म्हणून त्या पुन्हा चहा ठेवायला आत गेल्या.