बाई, जास्त म्हणजे बेरीज ना?

गेल्या डिसेंबरात माझी भाची सिंगापूरहून आली होती. तिकडच्या शाळांना वर्षाअखेरीस मोठी सुट्टी असते, त्यामुळे लेकीला घेऊन चांगली तीन आठवडे अमरावतीत राहिली. लेक दहा वर्षांची. मराठी बोलते, पण अधूनमधून "आजी, मला भूक झाली" असं काहीतरी गोड बोलून जाते. अंबादेवीचं दर्शन झालं, हुरड्याची पार्टी झाली, संत्री तर रोजच. आणि याच पोरीने मला, चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाईला, एक धडा शिकवला. तो सांगायला आज बसले आहे.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंचा मुलगा पाचवीत आहे. संध्याकाळी आई कामाला आली की हा वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसतो. त्या दिवशी त्याच्याकडे हे उदाहरण होतं : एका बागायतदाराने आपल्या संत्र्यांच्या क्रेटपैकी दोन पंचमांश क्रेट नागपूरला पाठवले. उरलेल्यांपैकी एक तृतीयांश अमरावतीला विकले. त्याच्याजवळ ८० क्रेट उरले, तर सुरुवातीला एकूण किती होते?

मी आपली जुन्या सवयीने सुरू झाले. "एकूण क्रेट क्ष मानू. दोन पंचमांश क्ष गेले, राहिले तीन पंचमांश क्ष..." मी लिहीत होते आणि तो माझ्या पेनाकडे बघत होता. मान हलवत होता, पण ती मान मी चांगली ओळखते. "समजलं नाही, पण बाई थांबल्या तर बरं" अशी ती मान असते.

तेवढ्यात ही आमची पाहुणी म्हणाली, "आजी, तू मॉडेल का नाही काढत?" आणि तिने त्याच्या वहीत एक लांबट पट्टी काढली. (मला इथे चित्र चढवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगते. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम!) पट्टीचे पाच सारखे भाग केले. दोन भागांवर 'नागपूर' लिहिलं. राहिले तीन. त्यातल्या एकावर 'अमरावती'. राहिले दोन. त्या दोन भागांखाली महिरप काढून लिहिलं ८०.

कोणी काही बोलायच्या आधीच पोरगा ओरडला, "एक घर चाळीसचं! पाच घरं म्हणजे दोनशे!"

ना क्ष, ना छेद समान करणं. मी ताळा करून पाहिला. २०० पैकी ८० नागपूरला, उरले १२०, त्यातले ४० अमरावतीला, उरले ८०. बरोब्बर.

मला आधी वाटलं हा आपला स्तंभालेखच. पण तसं नाही. स्तंभालेखात जमवलेली माहिती मांडतात, कोणत्या वर्षी किती पाऊस पडला वगैरे. इथे पट्टी म्हणजे उदाहरणातलं वाक्यच. भाचीने सांगितलं की सिंगापूरच्या शाळांत १९८०च्या दशकापासून ही रीत आहे. मग मी थोडं वाचलं. तिथल्या मुलांना आकडेमोड यायची पण शाब्दिक उदाहरणं यायची नाहीत, म्हणून तिथल्या शिक्षण खात्याच्या अभ्यासक्रम संस्थेने, खो टेक हाँग यांच्या नेतृत्वाखाली, ही पद्धत तयार केली. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे असा तिचा क्रम. त्याचं मूळ ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारात आहे. पुढे १९९५च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूरची मुलं गणितात पहिली आली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याचं सगळं श्रेय या पट्ट्यांना द्यावं असं मला वाटत नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण, पैसा, लहानसा देश, अशी बरीच कारणं असणार. पण पट्टी उपयोगाची आहे हे मी माझ्या जेवणाच्या टेबलावर पाहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायला जरा जड जातं.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि नोकरीची पहिली बरीच वर्षं गेली ती मधल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात. मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. पण शाळेत गणिताला माणूस नव्हता, तेव्हा पाचवी ते सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. आकडेमोडीची मला भीती नव्हती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी वडिलांनी लहानपणीच घोकून घेतलेली. पण शाब्दिक उदाहरणं शिकवायची कशी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. एका मोठ्या पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात तक्ता केला. 'एकूण, मिळून, जास्त' म्हणजे बेरीज. 'उरले, कमी, फरक' म्हणजे वजाबाकी. 'प्रत्येकी, समान वाटणी' म्हणजे भागाकार. तक्ता फळ्याशेजारी लावला. साहेब तपासणीला आले तेव्हा कौतुकही झालं.

साधारण १९८४-८५ची गोष्ट असेल. सहावीच्या वर्गात मी उदाहरण घातलं : रामजवळ ३० बोरं आहेत. रामजवळ श्यामपेक्षा १२ बोरं जास्त आहेत, तर श्यामजवळ किती?

अर्ध्या वर्गाने ४२ लिहिलं. मी चिडले. "नीट वाचत जा!" म्हणून एकेकाला उभं केलं. त्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा होता, सालदाराचा. तो उभा राहून म्हणाला, "बाई, तुमीच तं सांगतलं, जास्त आलं का बेरीज मारायची. मंग काऊन चुकलं?"

वर्ग हसला. मला ते उलट उत्तर वाटलं. मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं ठेवलं.

आज वाटतं, त्या वर्गात सगळ्यात नीट विचार करणारा मुलगा तोच होता. मी दिलेला नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला, नियम तुटला तेव्हा त्याने कारण विचारलं. आणि कारण माझ्याजवळ नव्हतं! "तसं नसतं रे, वाक्य बघ ना" यापलीकडे मला काही सांगता आलं नसतं, म्हणून मी रागावले. हाच मुलगा वेचणीच्या दिवसांत आईच्या वेचाईचा हिशोब तोंडी करायचा. किलोला किती पैसे, आठवड्याचे किती, उचल किती घेतली, हातात किती येणार, सगळं. तिथे त्याला कुठला तक्ता लागत नव्हता, कारण तिथे त्याला गोष्ट समोर दिसत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. बापाबरोबर शेतावर जायला लागला. कारणं पुष्कळ होती. घरची परिस्थिती, नापिकी, धाकटी भावंडं. सगळा दोष मी स्वतःकडे घेत नाही, तसं करणं म्हणजे पुन्हा स्वतःला मोठं समजणं. पण दहा-बारा वर्षांनी तो मला मूर्तिजापूर स्टेशनवर भेटला. वाकून नमस्कार केला, माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली, आणि हसत हसत म्हणाला, "बाई, तुमच्या गणितानंच पयवलं मले शायेतून!"

तो थट्टेने म्हणाला होता. मीही हसले. गाडी बडनेऱ्याला येईपर्यंत मात्र मी खिडकीबाहेरच बघत होते.

परवा मी तेच बोरांचं उदाहरण पट्ट्यांनी काढून पाहिलं. रामची पट्टी लांब, तिच्यावर ३०. खाली श्यामची आखूड पट्टी, डाव्या टोकाला रामच्या पट्टीशी जुळवून. रामची जेवढी पुढे आली तेवढ्या तुकड्यावर १२. झालं! श्यामची पट्टी ३० पेक्षा लहान आहे हे डोळ्यांनाच दिसतं. ४२ लिहायला हातच धजत नाही. 'जास्त' हा शब्द कोणाबद्दल आहे, ते पट्टी सांगते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हे तर आपलं वाक्यपृथक्करण! मराठीच्या तासाला मी किती हौसेने फळ्यावर कोष्टक आखायची. कर्ता कोण, क्रियापद कुठलं, हे विशेषण कोणाचं. 'पेक्षा' दिसलं की कोणाची कोणाशी तुलना ते विचारायची. आणि पुढच्याच तासाला गणितात तोच 'पेक्षा' आला की मी सांगायची, 'जास्त शोधा आणि बेरीज करा'. 'पैकी', 'प्रत्येकी', 'पट', 'उरलेल्यांपैकी' हे सगळे मराठीचेच शब्द. संत्र्यांच्या उदाहरणात सगळी मेख 'उरलेल्यांपैकी' या एका शब्दात आहे. तो निसटला की मूल एक तृतीयांश एकूणाचे काढतं. गणिताला माणूस नव्हता म्हणून ते माझ्याकडे आलं, असं मी जन्मभर म्हणत आले. खरं तर मराठीच्या बाईकडे ते आलं हे चांगलंच होतं. मलाच ते कळलं नाही.

आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असंही नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५०च्या ग्रंथात, कमळांचं एक उदाहरण आहे. कमळांच्या राशीतला एक तृतीयांश भाग शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश भवानीला वाहिला, आणि उरलेली सहा कमळं गुरूंना. तर एकूण किती? तिथली रीत आहे इष्टकर्म. आधी सोयीची एखादी संख्या धरून चालायचं. समजा ६० धरली. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून गेली सत्तावन्न, उरली तीन. आपल्याला हवी आहेत सहा, म्हणजे दुप्पट. उत्तर १२०. ६० घरांची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा, तीन घरांत सहा कमळं, म्हणजे एका घरात दोन. तेच झालं की नाही? भास्कराचार्यांनी पट्टी काढली असं मी म्हणत नाही हं. पण आधी भाग पाहायचे आणि मग एका भागाची किंमत काढायची, ही विचाराची वाट जुनी आहे.

भाची परत गेली, पण आमचा संध्याकाळचा वर्ग सुरू आहे. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून मी पट्ट्या केल्या आहेत. मध्यंतरी त्याला घातलं : सासू-सुनेने मिळून ७० किलो कापूस वेचला. सुनेने सासूपेक्षा १० किलो जास्त वेचला, तर प्रत्येकीने किती? त्याने ७० चे दोन भाग केले, ३५ आणि ३५, आणि सुनेला १० देऊन ४५ केले. पूर्वीची मी असते तर 'चूक' म्हणून लाल पेन मारला असता. आता म्हटलं, "पट्ट्या ठेव." त्याने ठेवल्या, बेरीज केली आणि म्हणाला, "आजी, हे तं ऐंशी झाले. दहा किलो कुठून आला?" मग त्यानेच सुनेच्या पट्टीचा जास्तीचा तुकडा हाताने झाकला. उरले ६०, दोघींच्या पट्ट्या सारख्या झाल्या, तीस-तीस. हात काढला, सून चाळीस. मी काहीही सांगितलं नव्हतं.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. मागच्या आठवड्यात पाहिलं तर हा उदाहरण न वाचताच पट्टी काढून मोकळा! सवयीने तीन घरं केली आणि दिसतील ते आकडे भरले. म्हणजे पट्टीचाही तक्ता व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा आता नियम असा की आधी उदाहरण बंद करून गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, वऱ्हाडीत सांगितली तरी चालेल, मग पट्टी, आणि आकडे शेवटी. प्रत्येक उदाहरणाला पट्टी लागतेच असंही नाही. समजलं की ती सोडून द्यायची.

चौतीस वर्षांत किती मुलांना मी तो तक्ता पाठ करायला लावला असेल, याचा हिशोब करवत नाही. तो मुलगा आता पन्नाशीत असेल. पुन्हा कधी भेटला तर त्याला सांगायचं आहे की बाबा, त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. नातवंडं असतील तर एखादी पट्टी काढूनही दाखवीन.

तोवर, माझ्या वाचकांत कोणी शिक्षक असतील, किंवा नातवंडांचा अभ्यास घेणारे माझ्यासारखे आजी-आजोबा असतील, त्यांनी एक करून पाहावं. मुलाचं उत्तर चुकलं तर आधी विचारावं, "तुला काय दिसलं ते काढून दाखव बरं." आणि त्याने "काऊन चुकलं?" असं विचारलं, तर रागावू नये.