सही कोणाची?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. सबमिशनचं भूत उतरलं होतं आणि काहीही न करण्याचा पक्का बेत होता. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सून मागच्या दाराशी आली. पदराखालून औषधाचं एक पाकीट काढून म्हणाली, "ताई, तुम्ही इंग्रजी शाळेतल्या. यावर काय लिवलंय तेवढं वाचून दाखवता का?"

गर्भपाताच्या गोळ्या होत्या. मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी न मागताच दिलेल्या. वहिनींना दोन मुलं, धाकटं नऊ महिन्यांचं. अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नवरा ट्रकवर, दिवाळीलाही घरी नाही. मी म्हटलं, "वहिनी, या अशा घेऊ नका. आपण दवाखान्यात जाऊ."

खाजगी दवाखान्यात काउंटरवरची बाई मान वर न करताच म्हणाली, "नवऱ्याची सही लागेल." वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. आणि व्हायवात अर्ध्या मार्कासाठी एक्स्टर्नलशी वाद घालणारी मी काय म्हणाले? "मग भाऊंना येऊ द्या."

का म्हणाले? मलाही तसंच वाटत होतं म्हणून! कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरनी गर्भपात म्हणजे पाप, एवढंच सांगितलं होतं. शिवाय प्रत्येक दवाखान्यात 'गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे' अशी पाटी असते. ती पाटी योग्यच आहे, तो कायदा १९९४चा. पण माझ्या डोक्यात दोन्हींची खिचडी झाली होती. गर्भलिंग तपासणी गुन्हा, म्हणजे गर्भपातही गुन्हाच असणार!

बारा दिवस गेले. भाऊ काही आले नाहीत. वहिनी रोज भांडी घासायला येत आणि काही न बोलता जात. हॉस्टेलला परतायच्या दोन दिवस आधी मला राहवेना. रात्री बसून कायदाच वाचून काढला.

गर्भपात आपल्याकडे १९७१च्या कायद्याने, ठरावीक अटींवर, वैध आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही स्त्रियांसाठी ही मुदत चोवीस आठवडे आहे, तिथे दोन डॉक्टर लागतात. गर्भनिरोधक फसलं हेही कारण चालतं, आणि तिथे आता 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' हे शब्द नाहीत, 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे आहेत. २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. आणि सही? अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लागते. सज्ञान स्त्रीसाठी फक्त तिची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, कोणाचीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने सरकारी रुग्णालयात गेलो. रांगेत वहिनींनी दोनदा विचारलं, कोणी लक्ष दिलं नाही. मी तेच इंग्रजीत विचारलं, तर लगेच बसायला खुर्ची मिळाली. मला लाज वाटली.

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. तपासून म्हणाल्या, "आता दहा आठवडे झालेत. नऊच्या आत आली असतीस तर गोळ्यांवर भागलं असतं. आता पिशवी साफ करावी लागेल." वहिनी काही बोलल्या नाहीत. पण ते बारा दिवस माझे होते. माझ्या एका वाक्याचे.

फॉर्मवर वहिनींनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं. सगळं नीट झालं. पुढे काय वापरायचं ते मॅडमनी समजावून सांगितलं, सक्ती केली नाही. वहिनींनी तांबी बसवून घेतली. येताना एस.टी.त एवढंच म्हणाल्या, "ताई, हे बाळंतपणालाच कोणी सांगितलं असतं तर!"

मित्रमैत्रिणींनो, मुंबईत १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि या कामापायी त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी वहिनींपर्यंत साधी माहिती पोचली नव्हती. कायदा सर्वांसाठी एकच आहे. पण तिथवर पोचायला कोणाला एक मोबाईल पुरतो, तर कोणाला इंग्रजी शाळेतल्या ताईची सुट्टी लागावी लागते. हा कसला समान हक्क?

सिस्टरवर माझा राग नाही. जीव मोलाचा असतो हे त्यांनीच शिकवलं. फक्त वहिनींचाही जीव त्यात मोजायचा राहून गेला होता. ज्याला गर्भपात पटत नाही त्याने करू नये; पण दुसरीची वाट अडवू नये, आणि अर्धवट माहितीवर सल्ला तर मुळीच देऊ नये. हे मी आधी स्वतःला सांगतेय.

आपल्या कॉलेजच्या दवाखान्यात आणि दोन्ही हॉस्टेलांत (हो, बॉईज हॉस्टेलमध्येसुद्धा!) या माहितीचा एक मराठी फलक लावावा, अशी प्राचार्य सरांना आणि रेक्टर मॅडमना विनंती आहे. मजकूर मी लिहून देते. शुद्धलेखन तेवढं कोणीतरी तपासा.

वहिनींना विचारूनच हे लिहिलंय. त्या म्हणाल्या, "लिवा. फक्त माझं नाव नको."