टिटवीपासून चार पावले दूर



रविवारच्या मिस्सानंतर आम्ही धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना घेऊन कधीकधी इंदूरच्या सिरपूर तलावावर जातो. २०२२ पासून हा तलाव रामसर पाणथळांच्या यादीत आहे. खंड्या, वंचक, वारकरी असे पक्षी आम्ही मोबाइलवर टिपतो. फोटो धूसर येतात, तरी आनंद होतो.

टिटवीपाशी मात्र आमचा एक नियम आहे. फोटो लहान आला तरी चालेल, पाऊल पुढे टाकायचे नाही. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. आपण जवळ गेलो की ती ओरडत उठते आणि अंडी उन्हात पडतात. आपल्याला फोटो मिळतो. तिची पिल्ले जाऊ शकतात.

प्रभू येशूने पाखरांकडे पाहायला सांगितले, ते पित्याची काळजी ओळखण्यासाठी. त्या काळजीच्या आड आपणच आलो, तर आपण पाहिले तरी काय?

माणसांचेही असेच आहे. वर्गातले एखादे मूल गप्प असले, तर लगेच खोदून विचारू नये. त्याला दिसेल असे जवळपास राहावे.

हे प्रभो, आम्हांला पाहण्याची हौस दे आणि थांबण्याची सुबुद्धीही दे. आमेन.