पांढरं पडलेलं शिंग

मुलांनो, आमची शाळा ताडोबाच्या जंगलाजवळ. एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याने चितळाचं गळून पडलेलं शिंग आणलं. उन्हापावसाने पांढरं पडलेलं, टोकाशी कुरतडलेलं.

"गुरुजी, रंगवून वर्गात लावू या?"

मलाही हुरूप आला. चहाचं कडक पाणी उकळून फडक्याने लावलं. शिंग छान तपकिरी झालं! तेवढ्यात वनरक्षक डोकावले.

"गुरुजी, हे ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिंग सरकारचं. गळालेलं असलं तरी!"

पोराचा चेहरा पडला. चूक माझी होती. शिकवणारा मीच ना!

मग वनरक्षकांनीच सांगितलं : चितळ झाडाच्या सालीवर शिंगं घासतो, त्यातून तो तपकिरी रंग चढतो. गळालेलं शिंग साळिंदर कुरतडतं. त्यातून त्याला कॅल्शियम मिळतं. म्हणजे आम्ही साळिंदराच्या ताटातला घासच उचलून आणला होता!

शिंग आम्ही दोघांनी वनरक्षकांच्या स्वाधीन केलं. वर्गाच्या भिंतीवर आता त्या मुलाने काढलेलं चित्र आहे, कुरतडलेल्या टोकासकट.

तुम्हाला जंगलात शिंग दिसलं, तर डोळे भरून पाहा, चित्र काढा. शिंग मात्र तिथेच राहू द्या हं!