सहा तारा आणि मडगावचे पंचांग

गोव्याला सहलीसाठी जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या लेखी मडगाव हे केवळ रेल्वेस्थानकाचे नाव असते. गाडीतून उतरायचे, टॅक्सी ठरवायची आणि कोलव्याचा किंवा पणजीचा रस्ता धरायचा. मडगाव पाहण्यासाठी कोणी थांबत नाही. वास्तविक सासष्टी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण म्हणजे गोव्यातील एक जुनी आणि नांदती व्यापारपेठ. बाजाराच्या दाटीतून बाहेर पडून थोडे चालत गेले, की होली स्पिरिट चर्चचा प्रशस्त चौक लागतो. त्याच्या भोवती जुनी, उतरत्या कौलांची घरे आहेत. अशा घरांच्या दर्शनी भागी पायऱ्यांचा उंच ओटा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसण्यासाठी बांधलेली बाके असतात. याला तेथे बाल्कांव म्हणतात. संध्याकाळी घरची माणसे येथे येऊन बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात आणि पुष्कळ घरी गातात-वाजवितातही.

या शहरात माझ्या नोकरीची तीन वर्षे गेली. १९८६ च्या जून महिन्यात पदोन्नतीवर पुण्याहून मडगाव शाखेत बदली झाली. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरही पुरती आली नव्हती. ती पूर्ण झाली १९९८ मध्ये. आमचा प्रवास मिरजमार्गे होई. पुण्याहून मोठ्या रुळांच्या गाडीने मिरज, तेथे सामान उतरवून लहान रुळांची गाडी, मग लोंढा, कॅसलरॉक, बोगद्यांमागून बोगदे आणि ऐन पावसाळ्यात खिडकीशेजारी कोसळणारा सुमारे ३१० मीटर उंचीचा दूधसागर. सौ. आणि दोन वर्षांची कन्या यांच्यासह केलेला तो पहिला प्रवास आजही जसाच्या तसा आठवतो. आम्ही तेथे असतानाच, ३० मे १९८७ रोजी, गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला.

शाखेतील मुख्य रोखपालांना सारे जण ‘कॅशियरबाब’ म्हणत. सकाळी दहाला ते काउंटरवर हजर असत आणि संध्याकाळी रोकड पैशापर्यंत जुळल्याशिवाय खुर्ची सोडत नसत. हेच गृहस्थ रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवितात, शनिवारी लग्नाच्या वाद्यवृंदात असतात आणि घरी चार मुलांचा अभ्यासही घेतात, हे मला दोन महिन्यांनी कळले. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हते. पोर्तुगीज अमलात चर्चच्या जोडीने गावोगावी शाळा चालत. तेथील मेस्त्री मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतून संगीत हा निवडक कलावंतांचा प्रांत न राहता घरोघरीचा संस्कार झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा एवढा भरणा का होता, याचे उत्तर या शाळांत आहे. प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस हे मडगावजवळच्या माजोर्ड्याचे. मात्र मुंबईला गेलेल्या प्रत्येक नामवंतामागे गावातच राहून नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळत वाजविणारे असंख्य लोक होते. कॅशियरबाब त्यांपैकी एक.

त्यांच्याच बाल्कांवात मी गिटारचे पहिले धडे घेतले. माझ्या मातोश्री तेव्हा काही दिवस आमच्याकडे आल्या होत्या. वाद्य घरात येताच त्यांनी पहिला प्रश्न केला, “तार कशाची आहे?” प्रश्न योग्यच होता. शास्त्रीय गिटारच्या बारीक तारा पूर्वी प्राण्यांच्या आतड्यापासून करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आतडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागले, तारांचा तुटवडा पडला आणि त्यातून नायलॉनच्या तारा पुढे आल्या. माझी तार नायलॉनची आहे, हे ऐकल्यावर मातोश्रींनी वाद्याला हळदकुंकू लावले. गोव्याच्या घुमटाचीही कथा अशीच आहे. मातीच्या या वाद्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने ते निषिद्ध ठरले आणि वादकांनी दुसरे कातडे स्वीकारले. पुढे २०१९ मध्ये घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले.

परंतु कॅशियरबाबांकडून मी जे खरे शिकलो, ते सहा तारांच्या पलीकडचे होते. नोकरी, कुटुंब आणि समूहात वाजविणे ही तीन कामे एकाच माणसाने कशी पेलावीत, हा प्रश्न त्यांनी आवडीनिवडीवर सोडला नव्हता. तो त्यांनी पंचांगाच्या आधाराने सोडविला होता. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक दिनदर्शिका असे. तिच्यावर आधी घरातील तारखा लिहिल्या जात: मुलांच्या परीक्षा, आजोळची जत्रा, पत्नीच्या माहेरचे फेस्त. नंतर बँकेच्या तारखा. उरलेल्या चौकटींतून वाद्यवृंदाला तारीख मिळे.

बँकेच्या तारखा म्हणजे काय, हे आपल्या व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको. तेव्हा बँकांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपे. सारे मडगाव नाताळ आणि नववर्षाच्या तयारीत असताना आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत व्याजाचे तक्ते जुळवीत बसलेलो असू. वादकाची सर्वाधिक मागणी असलेली ३१ डिसेंबरची रात्र कॅशियरबाबांनी उभ्या नोकरीत कोणालाही दिली नव्हती. पुढे नियम बदलला. १ जानेवारी १९८८ ला सुरू झालेले वर्ष पंधरा महिन्यांचे झाले आणि ३१ मार्च १९८९ रोजी संपले. त्याच सुमारास प्राप्तिकरासाठीही सर्वांना ३१ मार्च ही एकच तारीख लागू झाली. दिवाळी ते दिवाळी वह्या ठेवणाऱ्या आपल्याकडील पेढ्यांना तो बदल किती जड गेला, हे अनेकांना आठवत असेल. कॅशियरबाबांना मात्र तो वरदान ठरला. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा व्रतकाळ बहुतांशी मार्चमध्ये येतो. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने होत नाहीत, तशी तेथे त्या काळात होत नाहीत. म्हणजे हिशेबाची गर्दी आणि वाद्यांची विश्रांती एकाच महिन्यात आली. ३१ डिसेंबर १९८८ रोजी, शनिवारी, त्यांनी नोकरीत असताना प्रथमच नववर्षाच्या समारंभात गिटार वाजविली. सोमवारी २ जानेवारीला सकाळी दहा वाजता ते नेहमीप्रमाणे काउंटरवर होते.

समूहाविषयी त्यांचे दोन नियम होते. पहिला असा, की घरी विचारल्याशिवाय तारीख स्वीकारायची नाही आणि स्वीकारलेली तारीख मोडायची नाही. दुसरा असा, की वृंदातील प्रत्येक वादकाचा भाग आणखी एका तरी माणसाला वाजविता आला पाहिजे. एकटा वाजविणारा मनुष्य लहर लागली तर वाजवितो, नाही तर वाद्य भिंतीला टेकवून ठेवतो. समूहात तसे चालत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ते संयुक्त खाते असते. त्यातून एकाने वेळ काढून घेतला, तर तो दुसऱ्याच्या शिलकेतून जातो आणि त्या दुसऱ्यालाही घरदार असते.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. निवृत्तीनंतर पुण्यात आम्ही सहा जणांनी एक हौशी वाद्यवृंद उभा केला आहे. दोन गिटार, बासरी, व्हायोलिन, संवादिनी आणि तबला. सहा जणांत एक कापडाचे व्यापारी, एक सनदी लेखापाल आणि एक दंतवैद्य असे तिघे आजही आपापल्या व्यवसायात आहेत. वृद्धाश्रमांत आणि छोट्या सभागृहांत आम्ही विनामूल्य वाजवितो. कार्यक्रमांना मागणी येते ती दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. नेमकी तेव्हाच नातवंडांना सुटी असते, कापडाच्या दुकानात मोसम असतो आणि लेकीसुना घरी येतात. व्हायोलिन वाजविणाऱ्या कापडव्यापारी मित्रांनी ऑक्टोबरमध्ये शांतपणे सांगितले, की घरात मुलीचे लग्न ठरले आहे, दुकानात माणसे कमी आहेत, तेव्हा नव्या वर्षापासून आपण येणार नाही. आमच्या वादनात मुख्य सुरावट व्हायोलिनची असते. ते गेले असते तर वृंद मोडलाच असता. त्यातच एका संयोजकांनी वर्षभर दरमहा एक कार्यक्रम, असा प्रस्ताव पुढे ठेवला. त्याचे उत्तर जानेवारीत द्यायचे होते.

अशा वेळी नाताळच्या सुटीत आमची अकरा माणसांची सहल गोव्याला निघाली. कन्या परदेशातून दोन वर्षांनी आली होती. परतल्यावर आठवड्याच्या आत, ४ जानेवारीला, वृंदाचा कार्यक्रम होता. म्हणून गिटार बरोबर घेतली. कन्येने हसत विचारले, “बाबा, सहलीला तुम्ही येणार, की तुमची गिटार?” मी म्हटले, “दोघेही येऊ, पण वेळा वेगवेगळ्या ठेवू.” सकाळी सहा ते सात हा तास वाद्याचा, नंतरचा संपूर्ण दिवस नातवंडांचा, असे ठरले आणि ते पाळले. मडगावजवळ भाड्याने घेतलेल्या घराला सुदैवाने बाल्कांव होता. पुण्याच्या कोरड्या हवेतून किनाऱ्याच्या दमट हवेत गेलेले लाकूड फुगते, त्यामुळे दोन दिवस तारा सुरात राहीनात. तिसऱ्या दिवशी वाद्य स्थिरावले आणि बारा वर्षांचा नातू कोणी न उठविता शेजारी येऊन बसू लागला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची आपल्या घरची रीत येथेही उपयोगी पडली. ज्या वेळी इतर पर्यटक उपाहारगृहांच्या दारात ताटकळत असत, त्या वेळी आमची सर्व मंडळी ओट्यावर निवांत बसलेली असे.

एका दुपारी कॅशियरबाबांना भेटलो. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. बोटे आखडल्यामुळे लग्नात वाजविणे त्यांनी थांबविले आहे. रविवारी चर्चमध्ये मात्र दोन स्तोत्रांपुरते वाजवितात. बाकीचा भाग त्यांची नात वाजविते. मी आमच्या वृंदाची अडचण सांगितली. त्यांनी सल्ला दिला नाही. “तुमचे कॅलेंडर कोण लिहिते?” एवढेच विचारले आणि पत्नीला चहा टाकायला सांगितला.

त्यांच्या अंगणात वास्कोच्या सप्ताहाचाही विषय निघाला. श्रावणात वास्को शहरात दामोदराच्या मंदिरात चोवीस तास अखंड भजन होते. वेगवेगळ्या व्यवसायांच्या मंडळींनी आपापले पार काढण्याची तेथे प्रथा आहे आणि भजनाचे प्रहर गायकांनी वाटून घेतलेले असतात. कोणी एकटा चोवीस तास गात नाही, तरी भजन खंडित होत नाही. ख्रिस्ती घरांत क्रुसापुढे व्हायोलिनच्या साथीने म्हटली जाणारी लादाईन आणि हे भजन यांचे सूर अगदी निराळे. पण दोन्ही ठिकाणी गाणारा मनुष्य आपले दुकान किंवा कचेरी सांभाळूनच येतो. ‘सुशेगाद’ हा शब्द ऐकून गोमंतकीय माणूस आळशी आहे, असा आपण समज करून घेतो. मला तेथे दिसला तो वेळ नीट वाटून घेतलेला माणूस. वाटणी चोख असते, म्हणून तो निवांत दिसतो.

४ जानेवारीचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. त्यानंतर आम्ही सहाही जण सपत्नीक एका घरी जमलो आणि प्रत्येक घराने वर्षभराच्या आपल्या तारखा लिहून दिल्या: कापडाचा मोसम, लेखापालांचे जुलै ते सप्टेंबर, विवाह, परीक्षा, पर्युषण, परगावच्या लेकींचे येणे. त्या चौकटी भरल्यावर कार्यक्रमासाठी चारच मोकळ्या तारखा उरल्या. संयोजकांना आम्ही बाराऐवजी चार कळविल्या आणि त्यांनी त्या स्वीकारल्या. कापडव्यापारी मित्रांनी त्यांपैकी तीन घेतल्या. चौथी त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात येते. त्या दिवशी व्हायोलिनची सुरावट बासरीवर वाजेल आणि तिचा सराव आताच सुरू झाला आहे.

आपल्या समाजातील कितीतरी घरांत कपाटावर एखादी संवादिनी, बासरी किंवा सतार धूळ खात पडलेली असते. “दुकानामुळे सुटले,” असे सांगताना घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज किंचित खाली येतो. दुकान कोणाचेच सुटत नाही, सुटूही नये. परंतु वाद्यासाठी घरच्या संमतीने वर्षातील चार तारखा आणि दिवसातील एक तास लिहून ठेवता येतो. पुढे कधी गोव्याला जाणे झाले, तर एक संध्याकाळ मडगावला मुक्काम करावा, चर्चच्या चौकातून सावकाश चालावे आणि एखाद्या ओट्यावरून गिटारचे सूर ऐकू आले, तर क्षणभर थांबावे. वाजविणारा बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर कामावर जाणारा असतो.