किस्लोव्हस्की बघितलात का?

साखरेचा एक तुकडा. ‘थ्री कलर्स : ब्लू’मधली ज्युली कॅफेत बसली आहे. नवरा आणि लहान मुलगी अपघातात गेलीत, तिच्यावर प्रेम करणारा माणूस तिला शोधत तिथवर आलाय, आणि ती साखरेचा तुकडा कॉफीला नुसता टेकवते. तपकिरी रंग वर चढतो, तुकडा भिजतो, कपात पडतो. बस्स! जगाकडे पाठ फिरवलेली बाई एवढ्यात कळते. हा तुकडा पाच सेकंदांत भिजायला हवा होता, आठ सेकंद प्रेक्षकाला जड जातील असा दिग्दर्शकाचा हिशोब, म्हणून सहायकाने निरनिराळी साखर भिजवून पाहिली. हे कळल्यावर मी तो प्रसंग लगेच परत लावला. आणि परत!

हा दिग्दर्शक म्हणजे क्रिस्तॉफ किस्लोव्हस्की. जन्म वॉर्सा, १९४१. वुजच्या प्रसिद्ध फिल्म स्कूलचा विद्यार्थी. आणि मुळात माहितीपट करणारा, हे तर मला ठाऊकच नव्हतं! १९८० चा ‘टॉकिंग हेड्स’ बघाच. जेमतेम पंधरा मिनिटांत तान्ह्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना तेच विचारलंय : जन्म कधीचा, तू कोण, तुला काय हवंय? कुणाला स्वातंत्र्य हवंय, कुणाला निर्धास्त जगणं. आजीला हवंय आणखी आयुष्य. मी टाळ्याच वाजवल्या.

त्याच सुमारास तो वॉर्साच्या रेल्वे स्टेशनवर चित्रीकरण करत होता आणि पोलिसांनी त्याची रिळं ताब्यात घेतली. एका मुलीने आईचा खून करून प्रेत स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं, ती रिळांत दिसते का हे त्यांना बघायचं होतं. ती दिसली नाही. पण दिसली असती तर? आपण नकळत पोलिसांचे खबरे झालो असतो, ही जाणीव त्याला पुरली. खऱ्या माणसांच्या आयुष्यात कॅमेरा कुठवर घुसवायचा, हा प्रश्न घेऊन तो कथापटांकडे वळत गेला. माझ्या मते त्याच्या कथापटांचं सगळं बळ इथलंच आहे. पात्रं त्याने रचली, पण खऱ्या माणसाशी वागावं इतक्या अदबीने तो त्यांच्याशी वागतो.

आणि मग ‘डेकालॉग’! क्रिस्तॉफ पिएसेविच या वकिलासोबत लिहिलेल्या, पोलिश टेलिव्हिजनसाठी केलेल्या, तासाभराच्या दहा फिल्म्स. बायबलमधल्या दहा आज्ञा, वॉर्सातली एकच गृहसंकुलाची वस्ती. एका गोष्टीतला माणूस दुसरीत लिफ्टमध्ये भेटतो. पहिल्या भागात बाप संगणकावर तळ्यावरच्या बर्फाची जाडी काढतो, आकडे सांगतात की बर्फ मुलाचं वजन सहज पेलेल. इकडे टेबलावर शाईची बाटली तडकते आणि निळा डाग कागदांवर पसरत जातो. माझा श्वास तिथेच अडकला. पाचवा भाग वाढवून झालेला ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग’ तर छातीवरच बसतो. एका तरुणाने केलेला खून, मग सरकारने दिलेली फाशी. दोन्ही आपल्याला पुरतं बघायला लावतो. छायाचित्रकार इद्झियाकने हिरव्या फिल्टर्समधून वॉर्सा असं दाखवलंय की हवासुद्धा आजारी वाटते. १९८८ मध्ये कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं.

त्याचा संगीतकार झ्बिग्न्येव्ह प्रायस्नर, त्याच्या संगीताबद्दल तर मी तासभर बोलेन. ‘व्हॅन डेन बुडेनमायर’ नावाचा जुना डच संगीतकार किस्लोव्हस्की आणि प्रायस्नर या दोघांनी चक्क निर्माण केला, आणि पात्रं त्याच्या रचना ऐकतात!

‘थ्री कलर्स’मधल्या ‘रेड’नंतर, १९९४ मध्ये, किस्लोव्हस्की म्हणाला की आता सिनेमा पुरे. १९९६ च्या मार्चमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला. चौपन्न वर्षांचा होता. फार, फार लवकर.

माझा ‘ब्लाइंड चान्स’ अजून बघायचा राहिलाय. एक तरुण धावती गाडी पकडायला पळतो, आणि ती मिळाली, नाही मिळाली यावरून त्याची तीन वेगळी आयुष्यं घडतात. १९८१ ला झालेला हा सिनेमा सेन्सॉरमुळे १९८७ पर्यंत लोकांपुढे आलाच नाही. मी मात्र आता थांबणार नाही, आज रात्री तोच!