तणाची इर्जिक

सोलापूर-बार्शीकडच्या काळ्या रानात पूर्वी शेतकऱ्याचे वैरी दोन: हरळी आणि कुंदा. त्यातही कुंदा चिवट. त्याची मुळं इतकी खोल की कुळवाला तो दाद देत नसे. भर उन्हाळ्यात कुदळीनं ढेकळं उलथायची आणि मुळं वेचायची. एका घरानं उरकावं असं हे काम नव्हतंच, म्हणून इर्जिक घालायची. आवतण गेलं की भावकी, शेजारीपाजारी आपापली बैलं-अवजारं घेऊन रानात हजर. भलरीचा सूर लागायचा, मजुरी कुणी मागायचं नाही. ज्याचं रान त्याच्या दारात संध्याकाळी पंगत. आज तुझं रान, उद्या माझं.

पावसाळ्यात खुरपणी. बायका पात धरून बसायच्या आणि खुरप्याखाली निघेल त्यातलं बरंचसं घरी न्यायच्या. केना म्हशीच्या दावणीला. तांदुळजा, घोळ, पाथरी तव्यावर. पहिल्या पावसानंतर बांधावर उगवलेला टाकळा कोवळा आहे तोवर खुडायचा आणि लसूण-मिरचीवर परतायचा. गायरानात पवन्या आणि मारवेल माजलेलं असायचं. तण होतं, पण त्याला खाणारं तोंडही होतं. या आठवणी गोड खऱ्या, पण दिवसभर उकिडवं बसून आखडलेली कंबर बायकांची होती आणि हातावर पडणारी मजुरी गड्यापेक्षा कमी, हेही विसरू नये.

शिवाय ज्या काळाचे आपण गोडवे गातो, त्याच काळात गाजर गवत आलं. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं, अशी समजूत आहे. पुढे ते रस्त्यांच्या कडेनं, रेल्वेच्या रुळांलगत, पाण्याच्या पाटांतून, शेणखताच्या गाडीतून गावोगाव पोचलं. एका झाडाला हजारो बिया, आणि उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात पांढरी फुलं. पाणी मिळालं तर वर्षातून अनेक पिढ्या. जनावर सहसा तोंड लावत नाही. चाऱ्यातून पोटात गेलंच तर दूध कडवट लागतं. उघड्या हातांनी उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. परागांनी काहींना दमाही जडतो. ज्या गायरानात पवन्या होता, तिथं आज हिरवं रान दिसतं आणि गुरं उपाशी परततात.

आता खुरपणीला माणूस मिळत नाही. पाठीवर पंप येतो. ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं की गाजर गवताबरोबर केना, टाकळा, पवन्या सगळंच जळतं, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिल्या पावसाला सगळ्यांच्या आधी पुन्हा गाजर गवतच उगवतं. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक पवन्यासारख्या खऱ्या गवताला सोडतं, पण वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर गेलं तर पानं वाकडी होऊन भांडण ठरलेलं.

या तणालाही खाणारं तोंड शोधलं गेलं, ते परदेशातून. मेक्सिकोतला झायगोग्रामा भुंगा १९८३ साली बंगळूरला आणला गेला. पांढुरक्या पाठीवर काळपट पट्टे असलेला हा भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं फस्त करतात. मात्र त्यांचा जोर पावसाळ्यातला. थंडी पडू लागली की भुंगा मातीत जाऊन बसतो. दुसरा उपाय आपल्याच बांधावरचा: टाकळा. दिवाळीच्या आसपास त्याच्या शेंगा वाळतात. बी जमवून पावसाच्या तोंडावर पडीक जागेत फेकलं, तर टाकळा दाट येतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. ज्याला आपण फवारून संपवतो आहोत, तोच हा राखणदार.

तरीही खरी अडचण औषधाची किंवा भुंग्याची नाही. कुंदा ज्याच्या रानात, त्याचा वैरी होता. गाजर गवत वाढतं ते कुणाच्याच नसलेल्या जागेत: रस्त्याकडेला, गावठाणात, शाळेच्या मागं, ओढ्याकाठी. शेतकरी आपलं रान बांधापर्यंत स्वच्छ करतो आणि बांधापलीकडून बी उडून येतंच. ज्या काळी तण एकेकट्याच्या रानात होतं, त्या काळी गाव एकत्र येत होतं. आज तण साऱ्या गावाचं आहे आणि माणूस आपल्या पंपासह एकटा.

खुरपं परत येणार नाही, यावंही असं नाही. पण इर्जिक आणता येईल. जूनच्या पावसानंतर, फुलं यायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून गावानं दोन दिवस गावठाणातलं आणि रस्त्याकडेचं गाजर गवत उपटून काढायचं. फुलाआधीचं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ शकतं, फुलानंतर ते पुढच्या वर्षीचं बी होतं. रिकाम्या जागेत टाकळा टाकायचा. आणि संध्याकाळची पंगत ग्रामपंचायतीच्या दारात घालायची, कारण या वेळी रान तिचं आहे.